घरात कॉम्प्युटर येतोय, पण प्रोसेसर कोणता?

बोईसरहून एका वाचक भगिनीचं चार पानी पत्र आलंय. त्यांचे यजमान तारापूरच्या एम.आय.डी.सी.त पाळीच्या कामाला, मुलगा अकरावीत. या बाईंनी मोबाइलवर एडिटिंग शिकून घेतलं आणि गेले दोन लग्नसराईचे हंगाम पालघरच्या एका स्टुडिओला हळदीचे, वरातीचे छोटे छोटे व्हिडिओ कापून-जोडून दिले. आता स्टुडिओवाले म्हणतात, घरी चांगला कॉम्प्युटर असेल तर अख्खं लग्नच तुमच्याकडे देऊ. भिशीचे आणि शिवणाचे मिळून बाईंकडे ऐंशी हजार साठलेत. मुलाला त्याच कॉम्प्युटरवर गेम खेळायचेत आणि तो ‘आय नाइन’च्या खाली बोलायलाच तयार नाही. दुकानदाराने कागदावर ‘आय फाइव्ह’ लिहून दिलाय, त्याच्या शेपटाला एक ‘एफ’ आहे. आणि नणंदेचे यजमान म्हणतात, कशाला नवीन घेता वहिनी, मी जुना ‘आय सेव्हन’ पंधरा हजारांत आणून देतो. यातलं खरं कोणाचं मानायचं, असं बाई विचारतात. एवढे पैसे पुन्हा जमवायला तीन वर्षं लागतील, हेही त्यांनी पत्राच्या तळाशी लिहिलंय.

ते वाचलं आणि या आठवड्याचा लोणच्याचा विषय मी बाजूला ठेवला.

मी काही इंजिनियर नाही, बी.ए. झालेली, अर्धा वेळ शाळेत शिकवणारी बाई. पण साडी घ्यायला विणकर असावं लागत नाही. पोत हाताला कळला आणि पदर उलटून बघायची लाज वाटली नाही, म्हणजे झालं. प्रोसेसरचंही तसंच आहे, बरं का. दुकानदारासमोर विचारायचे प्रश्न माहीत हवेत.

सुरुवातीलाच एक घोळ निस्तरू या. टेबलाखालच्या त्या मोठ्या डब्याला आपण सगळ्या सर्रास ‘सी.पी.यू.’ म्हणतो. तो डबा म्हणजे कॅबिनेट. खरा सी.पी.यू. म्हणजेच प्रोसेसर हा आतल्या मदरबोर्डवर बसवलेला, बिस्किटाएवढा चौकोनी तुकडा. सगळा हिशेब तो करतो. स्वयंपाकघराची उपमा घेतली तर तो गॅसची शेगडी. त्याच्या ‘कोअर’ म्हणजे बर्नर. चार कोअर म्हणजे चार बर्नर, सहा म्हणजे सहा. रॅम म्हणजे ओटा, जितका रुंद तितकी भांडी एका वेळी मांडता येतात. डिस्क म्हणजे कोठीची खोली. आणि प्रोसेसरच्या अगदी पोटात एक छोटी स्मरणजागा असते, तिला ‘कॅश’ म्हणतात. तो आपला मिसळणाचा डबा. हळद-मोहरी हाताशी असली की दर फोडणीला कोठीत पळावं लागत नाही, तेच तिचं काम.

बर्नर जास्त म्हणजे स्वयंपाक लवकर, हे मात्र अर्धंच खरं. पुरणपोळी एकच करायची असेल तर सहा बर्नर काय कामाचे? तिथे एका बर्नरची आच किती चांगली, यावर सगळं. पंगतीचा स्वयंपाक असेल तेव्हा सहा काय, दहाही कमी पडतात. आता गंमत बघा. मुलाचा गेम हा बराचसा पुरणपोळीसारखा आहे आणि आईचं एडिटिंग, विशेषतः शेवटी पूर्ण व्हिडिओ तयार होऊन बाहेर पडतो ते काम, पंगतीसारखं. दोघांना एकच शेगडी वापरायचीय, म्हणून निवड जरा नाजूक.

बाजारात घरगुती कामासाठी दोन कंपन्यांचे प्रोसेसर मिळतात, इंटेल आणि ए.एम.डी. इंटेलचे आय थ्री, आय फाइव्ह, आय सेव्हन, आय नाइन, आणि २०२४ पासून डेस्कटॉपसाठी ‘कोअर अल्ट्रा’ नावाचे. ए.एम.डी.चे रायझन ३, ५, ७, ९. मोठा आकडा म्हणजे वरची श्रेणी, इथपर्यंत सगळ्यांना कळतं. फसगत होते ती यापुढच्या आकड्याने. ‘आय ५-१२४००’ असं लिहिलं असेल तर त्यातले पहिले दोन आकडे, १२, ही पिढी. ‘आय ७-३७७०’ मधला ३ म्हणजे तिसरी पिढी, २०१२ सालची.

नणंदेच्या यजमानांचा ‘आय सेव्हन’ बहुधा इथलाच. ऑफिसांतून काढून टाकलेली तिसऱ्या-चौथ्या पिढीची मशीनं पुसून-पासून विकायला येतात, आणि वरचं ‘आय सेव्हन’चं चिकटपत्र बघून माणूस भुलतो. आय ७-३७७० ला चार कोअर. २०२२ साली आलेल्या आय ३-१२१०० लाही चारच कोअर, पण हा धाकटा त्या जुन्या थोरल्याला कितीतरी मागे टाकतो. आणखी दोन अडचणी आहेत. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-सेवा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली, आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. दुसरं म्हणजे, हल्लीचे मोबाइल आणि कॅमेरे व्हिडिओ ज्या घडीत घालतात, तिला ‘एच २६५’ किंवा ‘एच.ई.व्ही.सी.’ म्हणतात, ती घडी उलगडायची सोय चौथ्या पिढीपर्यंतच्या प्रोसेसरांत नाहीच. मग नवरी माप ओलांडताना चित्र अडखळत राहतं आणि आपण हात कपाळाला लावून बसतो. तेव्हा पंधरा हजारांचा जुना ‘आय सेव्हन’ हिशेब लिहायला, मुलांच्या प्रकल्पाला ठीक. ज्यावर चार पैसे कमवायचेत त्या कामाला तो घेऊ नका. भावोजींना नम्रपणे सांगा, आमचं ठरलंय म्हणून.

लॅपटॉप घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवायचं. तिथे त्याच नावाखाली दोन जाती असतात. नावाच्या शेवटी ‘यू’ असेल तर तो बॅटरी वाचवणारा, मवाळ. ‘एच’ असेल तर दमदार. ‘एच’वाला आय फाइव्ह ‘यू’वाल्या आय सेव्हनला एडिटिंगमध्ये सहज भारी पडू शकतो. लॅपटॉपबद्दल आज एवढंच.

आता मुलाच्या ‘आय नाइन’कडे वळू. मुलांना राग येईल, पण गेमसाठी आय नाइन लागत नाही. आय ९-१४९००के ला चोवीस कोअर आहेत, आणि बहुतेक गेम सहा-आठ चांगल्या कोअरवर खूश असतात. तो ऐन कामात अडीचशे वॉटपर्यंत वीज ओढतो, खोक्यात कूलर येत नाही, म्हणून महागडा कूलर वेगळा घ्या, मदरबोर्ड तसा तगडा घ्या, वीज पुरवणारा एस.एम.पी.एस. मोठा घ्या. घोडा घेतला म्हणजे तबेला बांधावाच लागतो. आणि एवढं करून ग्राफिक्स कार्डाला पैसे उरत नाहीत, जे गेमचं खरं इंजिन. पडद्यावरची चित्रं रंगवायचं काम ग्राफिक्स कार्ड करतं; प्रोसेसर त्याला पुढे काय रंगवायचं ते सांगतो. एक बैल दांडगा आणि दुसरा मरतुकडा असला तर नांगर मरतुकड्याच्याच चालीने चालतो.

गेमांतही दोन तऱ्हा आहेत. ‘व्हॅलोरंट’, ‘काउंटर स्ट्राइक’ असले झटपट नेमबाजीचे गेम प्रोसेसरवर जास्त अवलंबून. मोठमोठी शहरं, जंगलं दाखवणारे, गोष्टीसारखे चालणारे गेम ग्राफिक्स कार्डावर. मुलाला नीट बसवून विचारा, तू रोज कोणता खेळतोस? मग त्याला आणखी एक विचारा, आपला मॉनिटर किती हर्ट्झचा? घरातला जुना मॉनिटर साठ हर्ट्झचा असेल तर तो सेकंदाला साठच चित्रं दाखवणार, मग आतून प्रोसेसरने दोनशे का तयार करेनात. या प्रश्नावर अकरावीतली मुलं जरा गप्प होतात, हा अनुभव आहे.

ए.एम.डी.कडे ‘एक्स थ्री डी’ अशा शेपटाचे प्रोसेसर आहेत. २०२२ साली ५८००एक्स थ्री डी आला, त्याच्यानंतर ७८००एक्स थ्री डी आणि ९८००एक्स थ्री डी. यात कंपनीने मिसळणाचा डबा तिप्पट मोठा केला, बत्तीस मेगाबाइटच्या जागी शहाण्णव. गेमांना हे फार मानवतं. पण किंमत चढी, आणि एडिटिंगला त्या जादा डब्याचा म्हणावा तेवढा उपयोग नाही. फक्त गेम खेळणाऱ्या, खिसा गरम असणाऱ्या घरासाठी ती चीज. आपल्या बोईसरच्या मैत्रिणीसाठी नव्हे.

आणि आता तो ‘एफ’. सगळ्या पत्रातली हीच गोष्ट मला महत्त्वाची वाटली, कारण दुकानदाराने ती बहुधा सहज, दोन पैसे वाचवून द्यायच्या भल्या हेतूनेच लिहिली असेल. इंटेलच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ म्हणजे प्रोसेसरच्या पोटातला चित्रविभाग बंद केलेला. आय ५-१२४०० आणि आय ५-१२४००एफ यांची सहा कोअर तीच, वेग तोच. फक्त ‘एफ’वाल्यात स्वतःचं ग्राफिक्स नाही. नुसते गेम खेळणाऱ्याला त्याने काही बिघडत नाही, त्याचं वेगळं कार्ड असतंच. एडिटिंग करणाऱ्या बाईचं मात्र बिघडतं. त्या चित्रविभागातच इंटेलची ‘क्विक सिंक’ नावाची सोय असते, म्हणजे कॅमेऱ्याने घड्या घालून ठेवलेला व्हिडिओ झटपट उलगडायची आणि पुन्हा घडी घालायची. प्रीमियर प्रोसारखे प्रोग्रॅम तिचा वापर करतात.

यात एक बारकावा आहे आणि तो स्टुडिओवाल्याला विचारायचाच. तुमचा कॅमेरा कोणता, आणि फाइल ‘टेन बिट, फोर-टू-टू’ असते का? हल्लीच्या सोनी, कॅननच्या चांगल्या कॅमेऱ्यांत अशा फाइली निघतात, कारण त्यात रंगांचा बारकावा जास्त राहतो. हळदीच्या पिवळ्यावर मागाहून रंगकाम करायचं तर तो उपयोगी पडतोच. पण एच २६५ मधली अशी घडी उलगडणं प्रत्येकाला येत नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या, चित्रविभाग शाबूत असलेल्या प्रोसेसरांना येतं. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांत ही सोय २०२५ साली आलेल्या आर.टी.एक्स. ५० मालिकेपासून आली, त्याआधीच्या कार्डांत नव्हती. म्हणजे दुकानदाराच्या कागदावर ‘एफ’वाला प्रोसेसर आणि जुन्या मालिकेतलं कार्ड असेल, आणि स्टुडिओने तसली फाइल दिली, तर ऐंशी हजारांचं मशीन असूनही पडद्यावर चित्र थांबत थांबत पुढे जाईल. एका अक्षराचा हा खेळ आहे, आणि त्या अक्षराचे पैसे थोडेच पडतात.

‘एफ’ नको म्हणायला आणखी एक संसारी कारण आहे. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांपासून रॅमच्या किमती भडकल्यात. जगभर कृत्रिम बुद्धिमत्तेची मोठमोठी यंत्रघरं उभी राहतायत आणि रॅम बनवणारे कारखाने आपला माल तिकडे वळवतायत, असं त्याचं कारण. कांद्याचा भाव चढावा तसंच हे. त्यामुळे ऐंशी हजारांत प्रोसेसर, मदरबोर्ड, पुरेशी रॅम, डिस्क, एस.एम.पी.एस., यू.पी.एस. आणि वर दमदार ग्राफिक्स कार्ड हे सगळं बसवताना ओढाताण होते. चित्रविभाग असलेला प्रोसेसर घेतलात तर ग्राफिक्स कार्डाशिवायही मशीन सुरू होतं. आज काम सुरू करा, कार्ड पुढच्या हंगामाच्या कमाईतून घ्या. ‘एफ’ घेतलात तर कार्डाशिवाय पडदा काळाच. मुलाला सांगा, तोवर व्हॅलोरंट कमी सेटिंगवर या चित्रविभागावरही चालतो. त्याचा नूर पडेल थोडा. पडू दे.

ए.एम.डी.च्या बाजूचे लोक म्हणतील, या बाई इंटेलच्याच मागे लागल्यात. तसं नाही हो. स्टुडिओच्या फाइली साध्या असतील, म्हणजे फोर-टू-टू नसतील, तर रायझन ५ ७६०० हा फार गुणी प्रोसेसर आहे. सहा कोअर, पासष्ट वॉटचा, पोटात छोटासा चित्रविभाग आणि खोक्यात कूलर. तो बसतो त्या बैठकीला ए.एम.५ म्हणतात आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही त्या बैठकीसाठी नवे प्रोसेसर देत राहू, असं कंपनीने सांगितलंय. म्हणजे तीन-चार वर्षांनी मदरबोर्ड तोच ठेवून वरचा प्रोसेसर बसवता येईल. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या, चौदाव्या पिढीची बैठक चौदाव्यापाशीच संपली, ही तिची उणी बाजू. ए.एम.५ ला डी.डी.आर.५ जातीचीच रॅम लागते. इंटेलच्या या तीन पिढ्यांसाठी डी.डी.आर.४ चे मदरबोर्डही मिळतात. घरात आधीच्या मशीनची डी.डी.आर.४ रॅम पडून असेल तर आजच्या भावात ती सोनं समजा आणि तसा बोर्ड मागा. रायझनच्या ५००० मालिकेत मात्र शेपटाला ‘जी’ असेल तरच चित्रविभाग असतो, नाहीतर नाही. तिथे हे अक्षर उलट्या बाजूने बघायचं.

तेराव्या-चौदाव्या पिढीचा विषय निघालाच आहे तर सांगते. २०२४ साली या पिढ्यांतल्या वरच्या प्रोसेसरांचा बोभाटा झाला होता. चालता चालता मशीन बंद पडायची, गेम कोसळायचे. प्रोसेसरला हवा त्यापेक्षा जास्त दाब मिळत होता आणि त्याने तो आतून झिजत होता. ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलने त्यावर दुरुस्ती दिली आणि अशा प्रोसेसरांची हमी तीनवरून पाच वर्षांची केली. पण आधीच झिजलेला तुकडा त्या दुरुस्तीने बरा होत नाही. म्हणून या पिढ्यांचा आय सेव्हन-आय नाइन कोणी वापरलेला देत असेल तर हात लावू नका, आणि नवा घेतलात तरी ‘बायोस ताजं करून द्या’ असं दुकानदाराला बजावून सांगा. एवढं एक वाक्य तुमच्या तोंडून ऐकलं की तो पुढचं सगळं नीट करतो, बघा.

मध्येच थोडं विषयांतर. एवढ्या कोअर आल्या कुठून? आधी एका प्रोसेसरला एकच कोअर असायची आणि कंपन्या तिचाच वेग वाढवत नेत होत्या. १९९३ साली आलेल्या ज्या पेन्टियमने घराघरांत नाव कमावलं, त्याचे जनक म्हणून ज्यांचं नाव घेतात ते विनोद धाम, त्यांचा जन्म आपल्या पुण्याचा. पुढे वेग वाढवता वाढवता प्रोसेसर इतके तापायला लागले की तो रस्ता खुंटला, आणि २००५ साली घरगुती कॉम्प्युटरांत दोन कोअरचे प्रोसेसर आले. एकाने फार घाम गाळण्यापेक्षा अनेकांनी काम वाटून घ्यावं, हा विचार मोठ्या यंत्रांत त्याआधीच रुजला होता. पुण्याच्या सी-डॅकमध्ये विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली तयार झालेला ‘परम ८०००’ हा महासंगणक याच तत्त्वावर चालायचा. आपल्या घरच्या लग्नात लाडू वळायला दहाजणी बसतात, त्यातलंच शहाणपण. फक्त लाडू वाटून वळता येतात, पाक मात्र एकीलाच बघावा लागतो. म्हणून काही कामं कितीही कोअर दिल्या तरी लवकर होत नाहीत.

आता आपल्या भागाच्या अडचणी. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ साली तारापूरला सुरू झालं, आणि त्याच पंचक्रोशीत पावसाळ्यात दिवे डोळे मिचकावतात, हे आपण सगळ्या जाणतो. गेम अर्धवट गेला तर मुलगा दहा मिनिटं फुरंगटून बसेल. एडिटिंग चालू असताना वीज गेली तर फाइल खराब होते, आणि लग्न काही पुन्हा लागत नाही. म्हणून यू.पी.एस. हा खर्चाच्या यादीतला शेवटचा नव्हे, पहिल्या तिघांतला. प्रोसेसर पासष्ट वॉट जातीचा घेतला तर छोटा यू.पी.एस.ही कामाला येतो. पुढे कार्ड बसवणार असाल तर एस.एम.पी.एस. मात्र आत्ताच साडेपाचशे-साडेसहाशे वॉटचा, नावाजलेल्या कंपनीचा घ्या. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एस.एम.पी.एस. घेऊ नका. दारात आलेल्या बोहारणीकडूनसुद्धा आपण भांडं वाजवून घेतो.

विजेचं बिलही बघा. ग्राफिक्स कार्डासकट मशीन गेम चालू असताना साडेतीनशे वॉट ओढतं असं धरलं, आणि रोज चार तास, तर दिवसाला जवळजवळ दीड युनिट, महिन्याला चाळीस-बेचाळीस. महावितरणच्या बिलात शंभर युनिटांच्या वर दराचा टप्पा बदलतो आणि तिनशेच्या वर पुन्हा. हे बेचाळीस युनिट नेमके वरच्या टप्प्यात जाऊन बसतात. मुलाच्या ‘आय नाइन’ला नाही म्हणताना हा हिशेब कागदावर मांडून दाखवा, आरडाओरडा करावा लागत नाही.

खरेदी कुठे? बोईसर-पालघरच्या दुकानात दोन हजार जास्त गेले तरी बिघडलं तर रिक्षाने नेता येतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला निवड मोठी आणि घासाघीसही चालते. डहाणूची लोकल २०१३ पासून झाली हे आपलं भाग्य, ग्रँट रोडला उतरलं की बाजार जवळ. जलद गाडी असेल तर मुंबई सेंट्रलला उतरून चालायचं. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. आधी इथल्या दुकानातून कागदावर भाव लिहून घ्या, मग तिकडचा भाव बघा, आणि फरक गाडीभाड्यापेक्षा आणि एका खेपेच्या त्रासापेक्षा मोठा आहे का ते ठरवा.

कुठेही घ्या, पण प्रोसेसर सीलबंद खोक्यातला मागा. ‘ट्रे’चा म्हणून सुटा, स्वस्त देतात. त्यात कूलर नसतो आणि कंपनीची तीन वर्षांची हमीही खोक्यासारखी मिळत नाही, दुकानदाराच्या शब्दावर राहावं लागतं. बिल जी.एस.टी.चं, त्यावर प्रोसेसरचं पूर्ण नाव शेपटासकट आणि अनुक्रमांक लिहिलेला. ‘आय ५ प्रोसेसर’ एवढंच लिहून देत असतील तर परत करा तो कागद. जोडणी डोळ्यांदेखत करून घ्या. बैठकीतल्या बारीक पिना वाकल्या की हमी संपते, मग कोणी वाकवल्या हा वाद घालत बसावं लागतं. मशीन सुरू करून पडद्यावर प्रोसेसरचं नाव वाचा, खोक्याशी ताडून बघा, आणि मगच पैसे मोजा.

तर बोईसरच्या भगिनीसाठी माझं मत असं. आय ५-१२४०० किंवा परवडला तर दहा कोअरचा आय ५-१४४००, शेपटाला काही नको. प्रोसेसरवर एकंदर रकमेच्या चौथ्या हिश्शाहून जास्त घालू नका. रॅम आज सोळा जी.बी.ची एकच पट्टी घ्या, दुसरीची खाच मोकळी राहील असा बोर्ड बघा. कार्ड नंतर. प्रोग्रॅम कोणता वापरणार ते स्टुडिओला विचारून ठरवा. डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती छान आहे, पण ती ग्राफिक्स कार्डावर फार रेलून असते आणि काही सोयी विकतच्या ‘स्टुडिओ’ आवृत्तीतच आहेत. ती एकदाच पैसे भरून मिळते. प्रीमियरचे पैसे भाड्यासारखे भरत राहावे लागतात. तेव्हा स्टुडिओची एक खरी फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन दुकानात जा आणि चालवून बघायला मागा. कोणीही करत नाही, पण करावं.

आणि एक युक्ती जिने हलकं मशीनही भारी काम उपसतं. जड फाइली थेट कापायला घ्यायच्याच नाहीत. प्रोग्रॅमला सांगायचं, यांच्या हलक्या नकला करून ठेव. यांना ‘प्रॉक्सी’ म्हणतात. बिरड्यासाठी रात्री वाल भिजत घालतो तसं हे काम झोपताना लावून द्यायचं, सकाळी नकला तयार. सगळं काटछाटीचं काम नकलेवर, शेवटी पक्का व्हिडिओ मूळ फाइलीवरून निघतो. मूळ फाइली दोन ठिकाणी ठेवा, आणि गेमच्या डिस्कवर तर नकोतच. एके दिवशी जागा कमी पडली म्हणून मुलाने काय पुसलं, हे त्यालाही आठवत नसतं.

वेळेचंही आधी ठरवून घ्या. लग्नसराईत मार्गशीर्षापासून पुढे आईचं काम आधी, मुलाचा खेळ मग. कॅलेंडरवर लिहून टाका आणि यजमानांनाही वाचून दाखवा. मशीन आईच्या पैशांचं आहे, हे पहिल्याच आठवड्यात घरात सगळ्यांना कळलेलं बरं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून बंदी आणली, तेही मुलाच्या कानावर घाला.

जाता जाता, केळव्याच्या एका मैत्रिणीने विचारलंय की समुद्राजवळ घर असल्याने कॅबिनेटला सतत आच्छादन घालून ठेवू का? चालू असताना अजिबात नको, प्रोसेसरचा पंखा गुदमरेल. बंद करून गार झाल्यावर सुती कापड घाला, प्लॅस्टिक नको, आत दमटपणा कोंडतो. खाऱ्या वाऱ्याच्या खिडकीपासून लांब आणि जमिनीपासून वीतभर उंच ठेवा. पावसाळ्यात काम नसलं तरी आठवड्यातून दोन-तीनदा तासभर चालू करा, म्हणजे आतला ओलावा जातो. दोन महिन्यांनी ब्लोअरने धूळ उडवताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, गरगर फिरू द्यायचं नाही.